चोवीस क्रेडिट्स आणि एक पट्टी

शोनवाल्ड, कॅन्सस
बुधवार, जेवणाची सुट्टी

ती. लिऑनमामास,

एमेटचा टाचा जुळवून, छाती पुढे काढून आणि हनुवटी आत घेऊन नमस्कार. (हे तिन्ही एकदम करत लिहिता येत नाही असं आत्ताच लक्षात आलं, म्हणून टाचा तेवढ्या जुळवलेल्या ठेवून बाकीचं सोडतोय.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. बाबा ट्रक घेऊन ओरेगॉनकडे गेलेत आणि तिथे पाऊस आहे, एवढं त्यांनी कळवलंय. त्यांच्या मानाने हे लांबलचक पत्रच म्हणायचं. तुझी तब्येत कशी आहे? हवा बदलायच्या आदल्या दिवशी उजवा गुडघा अजून कळवतो ना? आणि मेजर कसा आहे? सार्जंट म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने आपल्या कुत्र्याचं नाव मेजर का ठेवावं, हे मला परवा गुरांना चारा टाकताना एकदम कळलं आणि मी एकटाच हसत सुटलो. गुरांनी काही मनावर घेतलं नाही.

फोन का केला नाही, असं तू विचारशील. एक तर तू फोन उचलत नाहीस. दुसरं म्हणजे आमचं घर तुला माहीत आहे. मी माझ्या खोलीत दार लावून शिंकलो तरी स्वयंपाकघरातून आई 'रुमाल घे' म्हणते. आणि मला जे सांगायचंय ते त्या स्वयंपाकघरात ऐकू जाता कामा नये. मामा, मी सैन्यात चाललोय. पुढच्या मंगळवारी. सही जानेवारीतच केली. हे भरती करणाऱ्या ओचोआ सार्जंटला माहीत आहे, कामावरच्या डॉन चेमाला माहीत आहे, बाबांना माहीत आहे (ते 'बरं' म्हणाले), आणि आता तुला कळलं. फक्त आईला माहीत नाही. तिची समजूत अशी की मी कॉलेजात चाललोय, आणि तिची अशी समजूत व्हावी यासाठी मी एक शब्दही खोटं बोललेलो नाही, हीच तर सगळी गंमत आहे. गंमत म्हणजे, मला तरी परवापरवापर्यंत ती गंमतच वाटत होती.

सुरुवातीपासून सांगतो. जानेवारीत मी डोनट घ्यायला गेलो. त्या दुकानाला लागूनच भरतीचं ऑफिस आहे, आणि ही जागा ज्याने निवडली त्याला बढती मिळायला हवी, कारण हातात डोनटचा खोका असलेला माणूस पळू शकत नाही. ओचोआ सार्जंट दारातच उभा होता. त्याने खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि किती पुशअप्स निघतात असं विचारलं. मी म्हटलं, मोजल्या नाहीत. मग आम्ही तिथेच फरशीवर मोजल्या. एकोणीस निघाल्या आणि दोन डोनट चेंगरले. तू हसशील, पण मामा, त्या फरशीवर पालथा पडलो असतानाच मला कळलं होतं की मी इथे येणार. तुझा तो फोटो, टोपी तिरकी आणि कान बाहेर आलेला, आमच्या दिवाणखान्यात मी लहानपणापासून बघत आलोय. गुरांचं वजन वाढवायच्या वाड्यात मी दोन वर्षं काढली. माझ्या हातून कितीही वजन वाढलं तरी ते गुरांचंच.

सही झाल्यावर ओचोआ सार्जंटने मला खरी गोष्ट सांगितली. (असल्या गोष्टी सही झाल्यावरच सांगतात का रे? तू नोकरीत असताना तसंच होतं का?) तो म्हणाला की असाच गेलास तर छाती कोरी. बिनपट्टीचा. पण कॉलेजची चोवीस क्रेडिट्स असतील तर पहिल्या दिवसापासून हुद्द्याची एक पट्टी. एका पट्टीने असा काय फरक पडतो, असं मी विचारलं. पट्टीवाला बिनपट्टीवाल्याला झाडू आणायला सांगू शकतो आणि बिनपट्टीवाला फक्त झाडूला सांगू शकतो, असं त्याने समजावलं. मला ते एकदम पटलं. पण एप्रिलच्या आत कॉलेज कुठून करायचं? तर त्यालाही उपाय आहे. वर्गात बसायचंच नाही. संगणकासमोर दीड तास बसायचं, शंभरेक प्रश्नांपुढे एकेक उत्तर निवडायचं, पन्नास किंवा वर गुण पडले की कॉलेज समजतं की हा माणूस सहा महिने आमच्याकडे बसून हा विषय शिकला. शिकवणीचे धडे इंटरनेटवर फुकट, आणि ते पुरते केले की परीक्षेची फीसुद्धा माफ. लोक चार वर्षं घालवतात आणि डोक्यावर कर्ज घेऊन बाहेर पडतात. मला लागणार होता दीड तास आणि जाण्यायेण्याचं पेट्रोल. मी हे ऐकून इतका खूश झालो की उरलेले डोनट तिथेच वाटून टाकले.

घोळ झाला तो एकाच गोष्टीने. नुसते गुण सैन्याला चालत नाहीत. ते कुठल्यातरी कॉलेजच्या कागदावर, कॉलेजच्या शिक्क्यानिशी यावे लागतात, आणि कॉलेज तो कागद परक्या माणसाला देत नाही. म्हणजे आधी कॉलेजात नाव घालायचं. मी नाव घातलं, आणि पत्त्याच्या रकान्यात काही विचार न करता घरचा पत्ता लिहिला. दहा दिवसांनी मी कामावरून आलो तर आई पोर्चमध्ये उभी. स्वयंपाकाचा ॲप्रन तसाच, हातात उघडलेलं पाकीट, आणि डोळे लाल. मला वाटलं, संपलं, भरतीचं काहीतरी आलं. पण ते कॉलेजचं पत्र होतं. आमच्या परिवारात आपलं स्वागत आहे वगैरे. सोबत गाडीला लावायचा स्टिकर, त्यावर 'माझं लेकरू इथे शिकतं'. आईने मला पोर्चवरच मिठी मारली. माझ्या अंगाला शेणाचा वास येत होता तरी मारली. ती म्हणाली की मला बोलायची हिंमत नव्हती रे, पण मनात हेच होतं. आता तूच सांग, त्या मिठीत असताना 'आई, हा कागद फक्त पट्टीसाठी आहे' हे वाक्य कुठल्या बाजूने काढायचं?

आणि मी ते का काढू शकलो नाही हे तुझ्याइतकं कोणाला कळणार नाही. थँक्सगिव्हिंगला तू इथे होतास. सैन्यात जाणं काय वाईट, असं मी सहज बोललो होतो (सहज नव्हतं). आई बटाटे कुस्करत होती. वर न बघता ती म्हणाली, "एका घरातून एक पुरे." एवढंच. मग त्या बटाट्यांची तिने इतकी पेस्ट केली की दातांना कामच उरलं नाही. तू आपल्या ताटाकडे बघत होतास, मी माझ्या. तू इराकमध्ये होतास त्या दोन वर्षांत ती फोन घेऊन न्हाणीघरात जायची, हे मला आठवतं. तेव्हा मी लहान होतो, मला वाटायचं सगळ्यांच्याच आया जातात.

तर पत्र फ्रिजवर लागलं, मक्याच्या कणसाचं चुंबक लावून. स्टिकर मात्र तिने ड्रॉवरमध्ये ठेवला. गाडीला लावत का नाहीस विचारलं तर म्हणाली, चिखलाचे दिवस जाऊ देत. आणि दुसऱ्या दिवसापासून ती माझी मास्तरीण झाली. शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं जेवण करून ती तीनला घरी येते. पूर्वी पाय वर करून अर्धा तास पडायची. आता ती माझे धडे स्वतः आधी वाचायला लागली आणि शाळेतल्या दुधाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यांवर प्रश्न लिहायला लागली. माझं समाजशास्त्र चॉकलेट दुधाच्या पुठ्ठ्यांवर झालं आणि व्यापार साध्या दुधाच्या. मी संध्याकाळी पळायला जायचो तर तिला सांगायचो की पळल्याने मेंदूला रक्त जातं. ती म्हणायची, मग जरा जास्त पळ. मी खोलीत पुशअप्स मारायचो तर खालून ओरडायची की समाजशास्त्र जमिनीवर सांडलं का? मी कॅन्सस सिटीला वैद्यकीय तपासणीला गेलो होतो तेव्हा मित्राकडे जातो म्हणालो (तिथे खरंच एक मित्र झाला, त्यामुळे हेही खोटं धरता येणार नाही), आणि परत आलो तो कोपराच्या खळीत कापसाचा बोळा चिकटवलेलाच. आईने पाहिला. ताटात बटाटा वाढला.

परीक्षा साठ मैलांवर, कॉलेजच्या तळघरात. तिथे ब्रुंगार्ट बाई बसतात. या बाईंसमोर खिसे रिकामे केल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि मी पहिल्यांदा गेलो तो कामावरून थेट. माझ्या खिशांतून निघालं ते असं: गुरांचे दोन कानबिल्ले, पक्कड, दोरी, अर्धा बिएरॉक (आईने कोबी-मटण भरून केलेला पाव, रुमालात गुंडाळलेला) आणि एका खिळ्याला चिकटलेली चघळायची गोळी. बाईंनी प्रत्येक गोष्ट ट्रेमध्ये ठेवून तिचं नाव वहीत लिहिलं. बिएरॉकचं नाव त्यांना माहीत होतं, पण आत कोबी जास्त आहे की मटण, हे त्यांनी चष्म्यावरून पाहून घेतलं. मग टोपी काढायला लावली, टोपीत बघितलं, माझ्या डोक्यात बघितलं. मला वाटतं त्यांना उत्तरं सापडण्याची आशा होती. दोघांचीही निराशा झाली. शेवटी बटण दाबायचं असतं, आणि दाबलं की निकाल तिथेच पडद्यावर. समाजशास्त्र, अठ्ठावन्न. मामा, मी खुर्चीतून उठून ब्रुंगार्ट बाईंशी हस्तांदोलन केलं आणि पक्कड विसरून आलो. घरी आईने जर्दाळूची गोड पाई भाजली होती. तिला निकाल आधी कसा कळला? नव्हता कळला. नापास झालो असतो तरी तीच पाई होती.

व्यापारही निघाला. मग स्पॅनिश. बाकी पेपरांची तीन-तीन, याची सहा क्रेडिट्स असतात, म्हणून ओचोआ सार्जंट म्हणाला की दोन वर्षं ग्वातेमालाच्या माणसांबरोबर काम करतोस, हे तर पिकलेलं फळ आहे. माझाही तोच समज. ग्वातेमालाच्याच डॉन चेमाने मला तीन आठवडे रोज दुपारी शिकवलं. पण डॉन चेमा मला जी स्पॅनिश शिकवू शकत होता ती गुरांची. लंगडं वासरू, फुगलेलं पोट, फाटक लाव रे गाढवा, ही वाक्यं मी झोपेत बोलेन. परीक्षेत कानाला यंत्र लावतात आणि एक बाई अतिशय गोड आवाजात सांगते की तिला समुद्राकडे तोंड असलेली खोली हवी होती पण मिळाली नाही, तर आता तिने काय करावं? मी विचार केला की डॉन चेमाने काय केलं असतं, आणि जिथे जिथे उत्तरात तक्रार करणं होतं तिथे तिथे तक्रार निवडली. एक्कावन्न. डॉन चेमाने ही बातमी ऐकून माझा मुका घेतला, आणि मग म्हणाला, "आता पट्टी मिळाली की आधी आईपुढे जाऊन उभा राहा. लेकरू जाताना आईला शेजारणीकडून कळता कामा नये." मी फाटक लावायला गेलो.

चित्रं, नाटकं, संगीत असा एक पेपर असतो, तो आईने बँकेच्या आणि पशुवैद्याच्या कॅलेंडरांवरून माझ्याकडून करून घेतला आणि तोही निघाला. पंधरा झाली. याच सुमारास ती शुक्रवारची गोष्ट घडली. चर्चच्या तळघरात ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतले मासे तळत होते, मी ताट घेऊन रांगेत, आणि बघतो तर पुढे आई आणि ओचोआ सार्जंट समोरासमोर. तो साध्या कपड्यांत होता, पण बूट असे की माशाचा तुकडा पडला असता तर त्याचं तोंड त्याला दिसलं असतं. आईला मी पूर्वी एकदा सांगितलं होतं की श्रीयुत ओचोआ माझ्या पुढच्या शिक्षणाचं बघतात. (हेही खरंच आहे.) त्याला वाटत होतं की आईला सगळं माहीत आहे. मी मध्ये घुसायला गेलो तर फादरनी माझ्या ताटात कोलस्लॉ, म्हणजे कोबीची कोशिंबीर, वाढायला घेतला, आणि फादर वाढत असताना निघून जाता येत नाही. मला सगळं ऐकावं लागलं.

"पोरगं चांगलं आहे, मॅडम," ओचोआ म्हणाला. "अजून तीन पेपर, की झालं."

"तिथे त्याला राहायला खोली मिळेल ना?" आईने विचारलं.

"मिळेल की. पन्नास-साठ पोरांत एक."

"आणि जेवण?"

"तीन वेळा, घड्याळाच्या काट्यावर. चावायला मात्र सवड नसते."

"हा सकाळी उठत नाही हो. हाका मारून घसा बसतो."

"त्याची काळजी नको, मॅडम. आमच्याकडे त्यासाठी खास माणसं ठेवलेली आहेत."

आई बराच वेळ हसली आणि तिने त्याच्या ताटात स्वतःच्या ताटातला एक मासा ठेवला. मी कोलस्लॉचा डोंगर घेऊन खांबामागे उभा होतो. हसू आवरत नव्हतं आणि पुढेही जाववत नव्हतं. घरी येताना गाडीत ती म्हणाली, तुझे हे ओचोआ भले गृहस्थ दिसतात, बूट चांगले ठेवतात.

इतिहासाचे दोन पेपर लागोपाठ दिले, दोन्ही निघाले, एकवीस झाली. उरलं गणित. तीनच क्रेडिट्स हवी होती. आईचे पुठ्ठे तयार होते, तिला गणित इतकं आवडायला लागलं होतं की ती माझ्याआधी उत्तर सांगायची आणि मग तोंडावर हात ठेवायची. आणि मामा, मी बटण दाबलं आणि पडद्यावर सत्तेचाळीस. मी पडद्याजवळ जाऊन बघितलं, लांब जाऊन बघितलं. ब्रुंगार्ट बाई म्हणाल्या की कुठूनही बघा, तेवढेच असतात. हाच पेपर पुन्हा द्यायचा तर तीन महिने थांबायचं असा नियम, आणि माझ्या हातात राहिले होते जेमतेम तीन आठवडे. मी त्या तळघराच्या पायरीवर बसलो आणि मला झाडू दिसायला लागला. बाईंना दया आली असावी. त्यांनी पेपरांची यादी आणली, बोट फिरवलं, आणि म्हणाल्या की तीन आठवड्यांत तुझ्यासारख्याला जमेल असा एकच दिसतो. बालविकास. माणसाचं मूल जन्मल्यापासून कसं वाढतं ते.

घरी येऊन आईला सांगितलं. सैन्यात जाणारा मी, आणि दुधाच्या दाताचा अभ्यास करणार. (तिला अर्थातच पहिला अर्धा भाग सांगितला नाही.) तिने पुस्तक उघडलं, दोन पानं वाचली आणि मिटलं. म्हणाली, हे कशाला, मी सांगते. आणि मामा, तीन आठवडे तिने मला मीच शिकवला. मान कधी धरली, पालथा कधी पडलो, पहिला शब्द कुठला (ट्रक), वस्तू झाकली की ती संपली असं मला किती महिन्यांपर्यंत वाटायचं. ती माझा चमचा ॲप्रनखाली लपवायची आणि मी भोकाड पसरायचो, आणि एक दिवस मी ॲप्रन उचलून चमचा काढला. ते सांगताना ती भांडी घासायची थांबली. पुस्तकात या गोष्टीला लांबलचक नाव आहे, मला ते परीक्षेत ॲप्रनमुळे आठवलं. तुझ्याबद्दलही सांगितलं तिने. तू पहिल्यांदा माझ्याजवळ आलास तेव्हा मी परक्याला घाबरायच्या वयात होतो आणि तुझ्या मिशा बघून अर्धा तास रडलो. पुस्तकाप्रमाणे हे अगदी वेळच्या वेळी झालं.

परवा पेपर दिला. सत्तरावा की एकाहत्तरावा प्रश्न असा होता: आई खोलीतून निघून गेली की मूल रडतं, आणि आई परत आली की तिला बिलगून शांत होतं, तर या मुलाचं आईशी नातं कसं? चारांतलं एक उत्तर निवडायचं. उत्तर सोपं होतं, चांगलं, सुरक्षित, मी ते लगेच दाबलं. पण पुढचा प्रश्न काही केल्या वाचता येईना. मूल खोलीतून निघून गेलं तर आई काय करते, हे त्या अख्ख्या पुस्तकात कुठेही नव्हतं. मी मागे जाऊन शोधलं असतं, पण पुस्तक ब्रुंगार्ट बाईंच्या ट्रेमध्ये होतं. मला लाज वाटायला लागली, मामा. चांगलीच लाज वाटली. शेवटचे दहा प्रश्न मी कसे सोडवले मला माहीत नाही. बटण दाबलं. त्रेपन्न. चोवीस झाली, पट्टी मिळाली, ब्रुंगार्ट बाईंनी पहिल्या दिवशी राहिलेली माझी पक्कडही शेवटी परत केली, आणि साठ मैल मी एकदा हसत आणि एकदा स्वतःला शिव्या देत आलो.

असं आहे सगळं. बाकी क्षेम. मेजरला सलाम सांग. मामा, पट्टी लावल्यावर झाडू कोणाला सांगायचा असतो तेवढं मात्र वेळ काढून कळव.

तुझा आज्ञाधारक (आता खरोखरच व्हावं लागणार),
एमेट

ता. क. – खरं काम लिहायचं राहिलंच. रविवारी चर्चमधली मिसा सुटल्यावर तू आमच्याकडे जेवायला ये. सहज आल्यासारखा ये, आणि जेवण झालं की मी भांडी उचलायच्या निमित्ताने मागच्या अंगणात जाईन, तेवढ्यात तू आईला सांगून टाक. तू तिचा थोरला भाऊ आहेस, तू वीस वर्षं सैन्यात काढून दोन्ही पायांवर परत आलास, तुझं ती ऐकेल. मी आत येईन तेव्हा ती रडून झालेली असावी, एवढंच बघ.

ता. ता. क. – मी बोलावलं असं सांगू नकोस. गुडघ्याला शोनवाल्डची हवा मानवते म्हणून आलो असं म्हण.

ता. ता. ता. क. – पत्र आईकडेच देतोय टपालात टाकायला, ती शाळेतून परतताना पोस्टावरून येते. तू घाबरू नकोस. पाकीट मी नीट चिकटवलंय.

•

दादा,

नीट चिकटवलं नव्हतं. मीठ-भाकरी घालून वाढवलेल्या पोराला जीभ लावून पाकीट बंद करता येत नाही, आणि चालला आहे देशाचं रक्षण करायला. मी दुसऱ्याची पत्रं उघडत नाही, तुला माहीत आहे. पण ते माझ्या पर्समध्ये आपणहून उघडलं, आणि उघडल्यावर मी गाडी शाळेमागे लावून दोनदा वाचलं. खाली जागा आहे म्हणून इथेच लिहिते.

मला जानेवारीपासून माहीत आहे. डोनट आणायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने आणि ताठ मानेने घरी येतो, तेव्हाच कळलं. तू सही करून घरी आला होतास तेव्हा तुझीही मान अशीच होती. कॉलेजच्या पत्राने घटकाभर आशा लागली होती, तेवढीच. कोपरातला बोळा, पळणं, पुशअप्स, हे सगळं मी आंधळी असते तरी दिसलं असतं. आणि एका वाक्यात दोनदा मॅडम म्हणणारा कॉलेजचा माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्या शुक्रवारी ओचोआंना मी सगळे प्रश्न मुद्दाम विचारले, मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं की जेवण मिळतं का. एमेटला वाटतं की तो खांबामागे होता. खांब एवढा जाड नाही.

तू म्हणशील, मग पुठ्ठे का कापलेस? क्रेडिट्सची पट्टी होते हे तुझ्या नोकरीपासून मला ठाऊक आहे; जायचंच ठरलं असेल तर कोऱ्या छातीने कशाला जाऊ देऊ? आणि दुपारी तीन ते सहा माझ्यासमोर बसायचा ना. इतका वेळ तो दहा वर्षांचा झाल्यापासून कधी बसला नव्हता.

आता तुझ्याबद्दल. तू गेलास तेव्हा तूही मला सांगितलं नव्हतंस. आपल्या बाबांना पुढे केलं होतंस आणि स्वतः मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला होतास. मी खिडकीतून तुझी पाठ बघत ऐकलं. ते मी तुला आजवर बोलले नाही. रविवारी ये. मी बिएरॉक करते. पण एक शब्द बोलू नकोस. खा, मेजरच्या गोष्टी सांग, आणि तो भांडी घेऊन अंगणात निघाला की दाराच्या मध्ये खुर्ची टाकून बस, गुडघ्याचं निमित्त सांग. मला त्याच्या तोंडून ऐकायचं आहे. तो बोलेल, त्याला येतं बोलायला, चार वाक्यं तर लागतात. मग मी रडेन. रडून झालेली तयार मिळणार नाही, हे त्याला कळलं पाहिजे.

तुझी,
डेनिस

ता. क. – बालविकासात त्याला त्रेपन्न आणि मला चौसष्ट. मी गेल्या आठवड्यात जाऊन आले. गणितही दिलं, एकसष्ट, तीनशे पोरांच्या जेवणाचं प्रमाण रोज काढणाऱ्या बाईला तो पेपर म्हणजे काहीच नाही. ब्रुंगार्ट बाईंनी माझ्याकडचे बिएरॉक या वेळी वहीत न लिहिता खाल्ले. फ्रिजवर त्याच्या पत्राच्या मागे त्याच कॉलेजचं दुसरं पत्र आहे, त्यावर माझं नाव आहे. दहा दिवस झाले, त्याने अजून उलटून पाहिलेलं नाही. सप्टेंबरपासून मी जाणार आहे. तेवढं येता येता कॉलेजवरून ये आणि विचार, 'माझी आई इथे शिकते' असा स्टिकर ते काढतात का. त्याच्या ट्रंकेला लावायला एक हवा आहे.